बी नसलेलं संत्रं आणि गॅमा किरणांची मोडतोड

डिसेंबर-जानेवारीत हातगाडीवर चकचकीत, घट्ट सालीचं, गडद नारिंगी फळ ‘संत्रा’ म्हणून खपवलं जातं. ते बऱ्याचदा किन्नू असतं. रस भरपूर, रंग झकास, पण एका फळात पंधरा-वीस, कधी पंचवीसही बिया. रसवाल्याने त्या चिरडल्या की रस हमखास कडवट होतो, कारण लिमोनिन नावाचं कडू द्रव्य बियांत भरपूर असतं. आपल्या नागपुरी संत्र्यात बिया त्या मानाने कमी आणि साल हाताने सुटणारी, तरी फोड तोंडात टाकली की बी कुठे थुंकायची हा प्रश्न उरतोच. युरोप-अमेरिकेच्या बाजारात तर बी निघणाऱ्या मँडरिनला, म्हणजे संत्र्याच्या कुळातल्या सुट्या सालीच्या फळांना, भावच मिळत नाही.

बाकी सगळं तसंच ठेवायचं, चव, रंग, साल, फळधारणा, आणि फक्त बी काढून टाकायची. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत यावर जे उपाय चालले त्यांतला एक ठळक उपाय म्हणजे झाडाच्या डोळ्यांवर, म्हणजे ज्यांतून नवी फांदी फुटते त्या अंकुरांवर, किरणोत्सर्गाचा मारा करायचा आणि त्यातून जे निघेल त्यातलं कामाचं तेवढं उचलायचं. याला उत्परिवर्तन पैदास म्हणतात. नाव ऐकून काही जणांना वाटतं की किरण झाडात काहीतरी नवीन घालतात. तसं नाही. किरण मोडतात. बहुतेक वेळा नुसते मोडतातच. पण संत्रावर्गातली गंमत अशी की इथे हवी ती गोष्ट बऱ्याचदा मोडूनच मिळते.

संकराचं घोडं कुठे अडतं

दोन चांगले वाण घ्यायचे, संकर करायचा, तिसरा त्याहून चांगला काढायचा, हा शेतीतला राजमार्ग. कपाशी-ज्वारीत तो उत्तम चालला. संत्रावर्गात मात्र पहिली ठेच बीमध्येच लागते.

जंबेरीची, म्हणजे जिच्या रोपांवर संत्र्याचं कलम बांधतात त्या लिंबाची, एक बी पेरली तर पुष्कळदा दोन-तीन रोपं वर येतात, हे शेंदूरजनाघाट-वरूडकडच्या कुठल्याही पन्हेरीवाल्याला माहीत असतं. त्यांतलं फार तर एखादं रोप परागीकरणातून, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेलं असतं. बाकीची रोपं आईच्याच पेशींतून उगवलेली, बापाचा काडीचा संबंध नसलेली, आईची हुबेहूब नक्कल. याला बहुभ्रूणता म्हणतात. पन्हेरीवाल्याचं यात भलं होतं: खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडाची, हजारो रोपं एकसारखी मिळतात, वेगळं दिसेल ते उपटून टाकलं की झालं. पैदासकाराचं मात्र वाटोळं होतं. तो कष्टाने परागकण गोळा करतो, फुलावर लावतो, पिशवी बांधतो, बी पेरतो, आणि उगवते ती बहुतांशी आईच. नागपुरी संत्रा, मोसंबी, ग्रेपफ्रूट, किन्नू, सगळ्यांची हीच तऱ्हा.

त्यातून खरा संकर मिळालाच तर बीपासून वाढलेलं झाड फळावर यायला सहा-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि फळ आल्यावर तिसरी अडचण कळते. मोसंबी आणि तिच्या कुळातली गोड संत्री मुळातच पापनस आणि मँडरिन यांच्या जुन्या संकरातून आलेली आहेत. त्या मिश्रणाचा पत्त्यांचा डाव एकदाच असा काही जमून आला की माणसाने तो कलमांनी शेकडो वर्षं जसाच्या तसा सांभाळला. संकर करायचा म्हणजे ते पत्ते पुन्हा पिसायचे. जे हाती येतं ते कदाचित चांगलं फळ असेलही, पण ती मोसंबी नसते. गिऱ्हाइकाला मात्र तीच मोसंबी, तेच संत्रं हवं असतं, एक दोष वजा करून.

निसर्ग हे काम अधूनमधून आपणहून करतो. बागेतल्या एखाद्या झाडाची एखादीच फांदी अचानक वेगळं फळ देऊ लागते, कारण तिच्या डोळ्यातल्या एखाद्या पेशीत जनुकीय बदल झालेला असतो. ब्राझीलमधल्या बाहियात असंच एक बिनबियांचं, टोकाला बेंबीसारखी खूण असलेलं संत्रं सापडलं. १८७० च्या दशकात त्याची कलमं कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पोचली आणि तिथला संत्र्याचा धंदाच त्यावर उभा राहिला. ग्रेपफ्रूटची, म्हणजे पापनसासारख्या दिसणाऱ्या आंबट-कडसर फळाची, गोष्टही अशीच. पांढऱ्या गराच्या ‘मार्श’ झाडावर १९१३ मध्ये फ्लोरिडात गुलाबी फळाची फांदी दिसली, ती ‘थॉम्पसन’. थॉम्पसनच्या झाडावर १९२९ मध्ये टेक्सासातल्या एका बागायतदाराला लाल फळ दिसलं, ते ‘रूबी रेड’. १९३४ मध्ये त्याचं पेटंटही निघालं. जगभरात लावलेल्या मोसंबीवर्गातल्या वाणांमधला फरक बहुतांशी अशा फांदीबदलांतूनच आला आहे. माणसाचं कर्तृत्व काय, तर वेगळी फांदी दिसली की तिचा डोळा काढून कलम बांधायचं.

पण अशी फांदी दिसायला योग लागतो. त्याला थोडा धक्का देता येईल का, एवढाच पुढचा प्रश्न होता.

किरण नेमकं काय करतात

१९२७ मध्ये अमेरिकेत हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवून दिलं की जनुकांतले बदल मुद्दाम घडवता येतात. पुढे १९४६ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. त्याच सुमारास लुईस स्टॅडलर यांनी सातू आणि मक्यावर तेच सिद्ध केलं. मजा अशी की स्टॅडलर स्वतः पिकांसाठी याचा फारसा उपयोग होईल असं मानायला तयार नव्हते. क्ष-किरणांनी होतात ते बदल बहुतांशी नुकसानच असतं, तुकडे उडतात, नवं काही घडत नाही, असा त्यांचा रोख होता. माझ्या मते स्टॅडलर यांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष तेवढा अपुरा होता. नुकसान कुणाचं होतंय, यावर सगळं अवलंबून असतं.

संत्र्याच्या प्रत्येक पेशीत १८ गुणसूत्रं असतात, नऊ जोड्यांमध्ये. क्ष-किरणांच्याच जातीचा पण जास्त ताकदीचा गॅमा किरण पेशीतून आरपार जाताना या गुणसूत्रांचे धागे तोडतो. पेशी ते तुकडे घाईघाईने पुन्हा जोडते. बऱ्याचदा नीट जोडते, कधीकधी चुकते. एखादा तुकडा गळतो, एखादा उलटा बसतो, एखादा भलत्याच गुणसूत्राला चिकटतो. फार नुकसान झालं तर पेशी मरते. थोडक्यात भागलं तर ती जगते, वाढते, तिची फांदी होते.

आता बीकडे या. उलटा बसलेला किंवा जागा बदललेला तुकडा असला तरी पेशीत जनुकं जवळपास सगळी असतात. पान हिरवं होतं, फळात साखर भरते, साल रंगते. झाडाचा रोजचा कारभार सुरळीत चालतो. अडचण येते ती परागकण आणि बीजांड तयार होताना. त्या वेळी प्रत्येक जोडीतल्या दोन गुणसूत्रांना एकमेकांशेजारी दातात दात घालून बसावं लागतं, बॅगेच्या चेनसारखं. एका बाजूचे काही दात उलटे किंवा भलतीकडे बसवलेले असतील तर बॅग बाकी ठणठणीत असते, चेन मात्र लागत नाही. जोड्या नीट जुळल्या नाहीत की परागकण आणि बीजांडं निकामी होतात. निकामी बीजांडातून बी होत नाही.

मग बी नाही तर फळ कसं धरतं? सगळ्याच वाणांत ते धरत नाही. काही वाणांत मात्र फलन न होताही अंडाशय फुगतो आणि फळ पोसतं. ही अंगभूत खोड असेल तरच किरणांनी बी घालवण्यात अर्थ. नाहीतर बीबरोबर फळही गेलं. म्हणून पैदासकार आधी असा वाण निवडतो जो एकटा लावला तर कमी बियांचं फळ देतो. त्याची उरलीसुरली बी घालवणं मग आवाक्यात येतं.

टेक्सासची लाल फळं

लिंबूवर्गातली या पद्धतीची सर्वांत नावाजलेली कथा टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातली. रूबी रेडचा रंग हंगामाच्या सुरुवातीला छान असायचा, पण फळ झाडावर राहील तसा तो फिका पडायचा. खोऱ्यात ‘हडसन’ नावाचं दुसरं एक ग्रेपफ्रूट होतं. गर गडद लाल, पण आत बियाच बिया. खायला निरुपयोगी म्हणावं इतक्या.

वेस्लाको गावच्या लिंबूवर्गीय संशोधन केंद्रातले रिचर्ड हेन्झ यांनी १९५९ मध्ये हडसनच्या बिया न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथे त्यांच्यावर मंदगती न्यूट्रॉनांचा, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचा, मारा झाला. त्या बियांतून वाढवलेल्या रोपांपैकी एकाने हडसनचा गडद लाल रंग राखला आणि बिया जवळजवळ गमावल्या. १९७० मध्ये ते ‘स्टार रूबी’ या नावाने प्रसारित झालं. इथे बिया वापरूनही आईचे गुण टिकले, यामागे बहुभ्रूणताच होती.

स्टार रूबी दिसायला देखणं निघालं, पण झाड नाजूक. तणनाशकाचा जरा अंश लागला की पानं पिवळी, थंडी सोसत नाही, मूळकुजीला बळी पडतं, फळधारणा एका वर्षी बरी तर दुसऱ्या वर्षी यथातथा. किरण एकच जनुक मोडून थांबत नाहीत. बी घालवताना आणखी काय काय बिघडलं हे बागेत दहा वर्षं काढल्याशिवाय कळत नाही.

हेन्झ यांनी १९६३ मध्ये दुसरा प्रयत्न केला. या वेळी रूबी रेडच्या वंशातल्या झाडाच्या डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या कोवळ्या काड्या, ब्रूकहेवनला पाठवल्या. त्या डोळ्यांपासून झाडं वाढली. त्यांतल्या एकावर १९७६ मध्ये जास्त लाल फळांची फांदी दिसली. तिची कलमं बांधून, पारखून १९८४ मध्ये ‘रिओ रेड’ प्रसारित झालं. एकवीस वर्षं. तो बदल १९६३ च्या न्यूट्रॉननेच झाला की मागाहून आपोआप, हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे. नोंद मात्र किरणांच्या खात्यावर झाली. नशिबाचाही हात होता. १९८३ आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासात कडाक्याची थंडी पडून बागाच्या बागा जळाल्या. नव्याने लावायची वेळ आली तेव्हा तगडं झाड आणि टिकाऊ लाल रंग असलेलं रिओ रेड तयार होतं. आज टेक्सासच्या लाल ग्रेपफ्रूटचा कणा तेच आहे.

किती किरण, आणि त्यानंतरची वाट

मात्रा ग्रे या एककात मोजतात. माणसाला चार-पाच ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर जीव वाचणं कठीण. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून साधारण ६० ते ९० ग्रे देतात. अमेरिकेला जाणाऱ्या हापूस-केशरला किडींच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे. आणि संत्रावर्गातल्या डोळ्यांना देतात ती मात्रा साधारण २० ते ६० ग्रेच्या टप्प्यातली. कांद्याचा कोंब कायमचा बसवणाऱ्या मात्रेच्या उंबरठ्यापर्यंत डोळा न्यायचा, पण तो फुटला तर पाहिजे. त्यामुळे आधी चाचणी घेऊन पाहतात की किती मात्रेला सुमारे निम्मे डोळे मरतात, आणि त्याच्या आसपास काम करतात. मात्रा कमी पडली तर बदल होत नाहीत, जास्त झाली तर उरत काही नाही.

पद्धत बघायला अगदी साधी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डोळकाड्या कापायच्या, पानं छाटून देठाचं नखभर टोक ठेवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून कोबाल्ट-६० असलेल्या गॅमा कक्षात ठेवायच्या. कक्षातून बाहेर आल्या की लगेच खुंटाच्या सालीत ‘टी’ आकाराची चीर देऊन एकेक डोळा भरायचा आणि पट्टी बांधायची. बरेच डोळे काळे पडून गळतात. जे फुटतात त्यांची पहिली पानं वेडीवाकडी, जाडसर, चट्टेपट्टे असलेली निघतात. ही पानं बघून हुरळून जायचं कारण नाही आणि घाबरायचंही नाही. ती बहुधा नुसती इजा असते, पुढच्या फुटव्यात जाते.

खरी गोची वेगळीच आहे. एका डोळ्यात एकच पेशी नसते, वाढीच्या टोकावर पेशींचे थर असतात. किरणाने बदललेली पेशी त्यांतली एखादी. त्यामुळे फुटलेली फांदी ही जुन्या आणि बदललेल्या पेशींची सरमिसळ असते. भरीस भर म्हणजे संत्र्यातल्या रसाच्या पिशव्या टोकाच्या सर्वांत बाहेरच्या थरातून येतात आणि परागकण-बीजांडं त्याच्या आतल्या थरातून. बदल बाहेरच्या थरात झाला तर गराचा रंग बदलू शकतो पण बियांचं काही होणार नाही, आतल्या थरात झाला तर उलटं. म्हणून पहिल्या फांदीवरचे डोळे काढून पुन्हा कलम, त्या कलमाच्या फांदीवरून पुन्हा कलम, अशा दोन-तीन फेऱ्या करतात. दर फेरीत सरमिसळ थोडी निवळते, आणि अखेर काही फांद्या पूर्ण बदललेल्या तर बाकीच्या पूर्ण जुन्या अशा वेगळ्या होतात.

मग ही झाडं शेतात जातात आणि तीन-चार वर्षांनी फळं येतात. आता फक्त सुरी आणि वही. फळ आडवं कापायचं, बिया मोजायच्या, लिहायचं, पुढचं फळ. शेकडो-हजारो झाडांत बहुतेक सगळी जुन्यासारखीच, काही जुन्याहून वाईट, आणि एखाद-दुसरं लक्ष वेधणारं. इथे एक सापळा आहे. आसपास परागकण देणारं दुसरं झाड नसेल तर बियाळ वाणालाही कमी बिया धरतात आणि भलतंच झाड बिनबियांचं वाटतं. म्हणून चाचणीच्या रांगांत मुद्दाम भरपूर पराग देणारे वाण लावतात आणि मधमाश्यांची चांगली वर्दळ राहील असं बघतात. त्या गर्दीतही ज्याला बी धरत नाही, तोच वाण खरा.

मधमाश्यांशी भांडण

याच मुद्द्यावरून कॅलिफोर्नियात बागायतदार आणि मधमाशीपाल यांची चांगलीच जुंपली होती. तिथे ‘डब्ल्यू. मरकॉट’ नावाचं सोलायला सोपं, चवीला गोड मँडरिन भरपूर लागलं. मूळचं मोरोक्कोचं, तिकडे त्याला ‘नादोरकॉट’ म्हणतात. ते एकटं लावलं तर बिया नाहीत, पण शेजारच्या बागेतून मधमाशीने दुसऱ्या वाणाचे परागकण आणले की बियाच बिया. बागायतदार म्हणू लागले, पेट्या लांब न्या. मधमाशीपालांचं म्हणणं, संत्र्याच्या मोहोराचा मध आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काढतोय, आम्ही का हलायचं? प्रकरण राज्य सरकारपर्यंत गेलं. आजही तिकडे बहराच्या काळात अख्ख्या रांगांवर जाळ्या पांघरतात, तो खर्च वेगळाच.

रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल रूस आणि टिमोथी विल्यम्स यांनी १९९५ मध्ये या डब्ल्यू. मरकॉटच्या डोळकाड्यांना गॅमा किरण दिले. त्यातून २००६ मध्ये ‘टँगो’ हा वाण बाहेर पडला. चवीला, रंगाला, पिकण्याच्या काळाला जवळपास मूळ वाणासारखाच. पण भरपूर परपरागीकरण होत असतानाही बियांची सरासरी फळामागे ०.२, म्हणजे पाच फळं सोलली तर एखादी बी. शिवाय त्याचे स्वतःचे परागकणही जवळजवळ निकामी, म्हणजे शेजारच्याच्या बागेत बिया पाडण्याचा ठपकाही नाही. जाळ्या नकोत, मधमाश्यांशी वैर नको. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं डब्यात ‘क्यूटीज’ किंवा ‘हेलोज’ छापाची छोटी संत्री नेतात. हंगामाच्या उत्तरार्धात त्यांत टँगो असण्याची शक्यता बरीच असते.

हाच मार्ग इतरांनीही चोखाळला. इस्रायलचं ‘ओरी’ मँडरिन ‘ओरा’ या वाणाला किरण देऊन काढलं, आणि आज युरोपच्या बाजारात ते चढ्या भावाने विकलं जातं. स्पेनने मरकॉट आणि मोंकाडा या मँडरिनांपासून अनुक्रमे ‘मुरिना’ आणि ‘मोंकालिना’ काढलं. यादी बघितली की एक गोष्ट चटकन डोळ्यात भरते: एकजात सगळी कामं ‘बी घालवा’ या एका मागणीची आहेत.

कुठे हात टेकावे लागतात

त्यामागचं कारण वर आलंच आहे. बी घालवायची म्हणजे काहीतरी बंद पाडायचं, आणि बंद पाडण्यात किरण तरबेज. पण आपल्याकडे बाग बसते ती डिंक्याने, कोळशीने, फळगळीने, ग्रीनिंग नावाच्या जिवाणूजन्य रोगाने. या रोगांशी लढणारं जनुकच झाडात नसेल तर किरणांनी ते कुठून आणायचं? अमुक किरण दिले की डिंक्या न येणारं संत्रं मिळेल, असं कुणी सांगत असेल तर जपून.

याला सुरेख अपवाद आहे, आणि तोही नियमच सिद्ध करतो. जपानात ‘निजिस्सेकी’ नावाच्या नाशपातीवर काळ्या ठिपक्यांचा रोग यायचा. गॅमा किरणांखाली वर्षानुवर्षं वाढवलेल्या झाडांपैकी एकाच्या एका फांदीवर तो येईना. त्यातून ‘गोल्ड निजिस्सेकी’ हा वाण १९९० च्या सुमारास नोंदवला गेला. रोग का टळला? ही बुरशी एक विष सोडते, आणि ज्या झाडात त्या विषाला बळी पडण्याची यंत्रणा असते त्यालाच रोग होतो. किरणांनी ती यंत्रणा लुळी पाडली. इथेही काही नवं घडलेलं नाही, मोडलेलंच आहे.

बिनबियांचं फळ मिळवायचे दुसरेही रस्ते आहेत. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली झाडं निसर्गतःच बी धरत नाहीत. बिनबियांचं मोठं ताहिती लिंबू तसंच आहे. पण तीन संच आणायला संकर लागतो, आणि संकर केला की मूळ वाणाची ओळख जाते. जुनी ओळख राखायची असेल तर किरणांचाच रस्ता जवळचा.

खायला धोका आहे का?

नाही. गॅमा किरण डोळ्यातून आरपार निघून जातात, मागे काही ठेवत नाहीत. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पदार्थात थोडी किरणोत्सारिता येऊ शकते हे खरं, पण १९५९ मध्ये मारा झालेल्या बीचा आजच्या फळाशी संबंध हजारो कलमांपलीकडचा आहे. तिच्यातला एखादा अणूही आज टेक्सासहून आलेल्या फळात शोधून सापडायचा नाही. लासलगावचा कांदा किंवा अमेरिकेला जाणारा आंबा हा वेगळा प्रकार: तिथे खाण्याच्या मालालाच किरण देतात आणि वाण तोच राहतो. इथे एकदाच, एका डोळ्याला देतात आणि वाण बदलतो. दोन्हींची सरमिसळ करून समाजमाध्यमांवर जे संदेश फिरतात त्यांत काही दम नाही.

हे जनुक-रूपांतरित, म्हणजे जीएम पीक आहे का? बाहेरचं जनुक घातलेलं नाही, म्हणून त्या अर्थाने नाही. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याच्या भाषेत अशी पिकंही जनुक-बदललेली ठरवली, पण वर्षानुवर्षं सुरक्षित वापरात असलेल्या या जुन्या पद्धतीला जीएमच्या कडक नियमांतून सूट कायम ठेवली. मला यात थोडा विनोद दिसतो: त्या निकालाने एकच जनुक नेमकं बदलणाऱ्या नव्या पद्धती नियमांच्या कचाट्यात सापडल्या, आणि बेभान तोडफोड करून नशिबावर हवाला ठेवणारी पद्धत मोकळी राहिली. पण विचार केला तर साठ वर्षांचा अनुभव हाही एक पुरावाच आहे.

आपल्याकडे काय

उत्परिवर्तनाचं काम महाराष्ट्राला नवं नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला टीएजी-२४ भुईमूग आणि टीएयू-१ उडीद विदर्भातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरला. जगभरात अशा वाणांची अधिकृत नोंद ३,४०० च्या वर गेली आहे, त्यांत धान्यं-कडधान्यं भरपूर, फळझाडं थोडी. भुईमुगाची नवी पिढी दर हंगामाला हाती येते. संत्र्याची चार-पाच वर्षांनी. हिशेब साधा आहे.

किन्नूवर मात्र काम झालं आहे. हे फळ मुळात कॅलिफोर्नियाचं. १९१५ मध्ये केलेल्या संकरातून निघालेलं आणि १९३५ मध्ये प्रसारित झालेलं. पंजाबने ते आपलंसं केलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने उत्परिवर्तनातून ‘पीएयू किन्नू-१’ काढला, त्यात फळामागे शून्य ते नऊ बिया. पूर्ण बिनबियांचा नाही, पण पंचविसांवरून नऊच्या आत म्हणजे रसवाल्याला चालेल असा फरक. सीमेपलीकडे फैसलाबादच्या अणुशेती संस्थेनेही कमी बियांचा किन्नू काढला आहे.

नागपुरी संत्र्यात सध्या ‘सीडलेस’ म्हणून जे निवडक वाण सांगितले जातात, त्यांतले नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे वाण निवड पद्धतीचे आहेत, म्हणजे बागांतून कमी बियांची झाडं हेरून, त्यांची कलमं वाढवून तयार केलेले. बदल निसर्गाचा, नजर माणसाची. असा वाण लावताना पन्हेरीत दोन प्रश्न जरूर विचारावेत. डोळा नेमका कुठल्या मातृवृक्षाचा? आणि त्या मातृवृक्षाची फळं शेजारी जंबेरी, लिंबू किंवा दुसरं बियाळ संत्रं असताना कापून पाहिली आहेत का? एकट्या झाडावर मोजलेल्या बियांच्या आकड्याला अर्थ नाही.

किरणांतून आलेला वाण असेल तर आणखी एक काळजी. सरमिसळ पूर्ण निवळली नसेल तर वर्षानुवर्षं बी न धरणाऱ्या झाडावर एखादी फांदी मूळ स्वभावावर जाते. म्हणून मातृवृक्षांवर दर हंगामात फांदीनिहाय फळं कापून पाहतात. ज्या फांदीत बिया निघतात तिला रंगाची खूण करून ती बुडापासून छाटतात, आणि त्या झाडाच्या डोळकाड्या पुढचे हंगाम तपासून होईपर्यंत पन्हेरीत जाऊ देत नाहीत.